अहीहीकला कधी जावं? चापाला तळ्याकाठचे बारा महिने

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी हा भाग वीसेक मिनिटांचा आहे. लोकलमध्ये रेंज जाते म्हणून वाचणं पसंत करणाऱ्यांसाठी ही त्याची लेखी आवृत्ती. बोलताना जे मध्ये मध्ये "अं... म्हणजे..." झालं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मेक्सिकोत हालिस्को नावाचं राज्य आहे, तिथे चापाला नावाचं भलंमोठं तळं आहे आणि त्याच्या उत्तर काठावर अहीहीक नावाचं गाव. इंग्रजी स्पेलिंग बघून 'अजिजिक' म्हणू नका. मी पहिले दोन महिने तेच म्हणत होतो आणि ऑफिसातली मंडळी गालातल्या गालात हसत होती. मी ग्वादालाहारात काम करतो. तिथल्या जुन्या बस स्टँडवरून, त्याला इथे 'सेन्त्राल व्हिएखा' म्हणतात, चापाला आणि अहीहीकच्या गाड्या सुटतात. ट्रॅफिक नसेल तर तासा-सव्वा तासात तळ्यावर.

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा पहिल्यांदा इथे आले आणि मी त्यांना मे महिन्यात अहीहीकला नेलं. का? कारण मे म्हणजे सुट्टी. दुसरं काहीच कारण नव्हतं. शाळा संपून दहा वर्षं झाली तरी डोक्यातलं कॅलेंडर तेच आहे. बरं, वेबसाइटवर वर्षभराचं सरासरी तापमान बघितलं तर वीस अंशांच्या आसपास. मी म्हटलं, झकास!

सरासरीने फसवलं. बाबांना दम्याचा त्रास आहे. पोहोचलो तेव्हा समोरचा काठ धुरकट दिसत होता, डोंगर वाळून खाकी झालेले, दुपारी बत्तीस अंश आणि खोलीत एसी नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा खोकला इतका वाढला की आम्ही गाशा गुंडाळून परत आलो. आमचं गाव इंदापूर. बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "अरे, असला माळ बघायला विमान कशाला? आपला काय वाईट आहे?"

यंदा ते पुन्हा येतायत. ताई ह्यूस्टनला असते, तिच्याकडे तीन महिने राहणार आणि त्यातले तीन आठवडे माझ्याकडे. बाबा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत, गुडघे कुरकुरतात, एवढा लांबचा प्रवास पुन्हा होईल असं कुणालाच वाटत नाही. त्यामुळे या वेळी तारीख चुकवायची नव्हती, आणि मी बसून नीट अभ्यास केला. तो अभ्यास म्हणजे हा भाग.

सगळ्यात आधी नकाशा. अहीहीक साधारण २०.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ती रेषा तशीच पूर्वेकडे ओढत आपल्याकडे आणली तर ती नाशिक आणि मालेगावच्या मधून, चांदवडजवळून जाते. म्हणजे सूर्याच्या हिशेबात आपण आणि ते शेजारी! शून्य सावली दिवस तुम्हाला माहीतच असेल, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली गायब होते. अहीहीकमध्ये तो मेच्या वीस तारखेच्या आसपास येतो आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

मग जुलैही मेइतकाच तापायला हवा ना? इथेच आपली शाळेतली भूगोलाची वही कामाला येते. आपल्याकडे जूनमध्ये काय होतं? ढग येतात, ऊन अडतं, जमीन भिजते आणि पारा खाली येतो. इथेही अगदी तेच. मेपर्यंत जमीन तापत राहते, मग वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, समुद्रावरची वाफ आत येते आणि जूनच्या मध्याला पाऊस लागतो. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या माणसाला 'उन्हाळा म्हणजे जून-जुलै-ऑगस्ट' हे इतकं पाठ असतं की त्याला हे समजवायला वेळ लागतो. आपल्याला नाही लागायला पाहिजे. मला लागला, कारण मी मेक्सिकोला अमेरिकेच्या कप्प्यात टाकलं होतं. चुकीचा फोल्डर.

फरक पडतो तो उंचीमुळे. तळं समुद्रसपाटीपासून जवळपास १,५२० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे हे गाव कळसूबाईच्या टोकापेक्षा जेमतेम सव्वाशे मीटर खाली. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते. म्हणून याच रेषेवरचा पॅसिफिकचा किनारा घामाघूम करतो आणि अहीहीकमध्ये जुलैची दुपार सत्तावीसच्या आसपास राहते. मेमध्ये तीच तीस-बत्तीसला जाते. आकडा नागपूरवाल्यांना हसू आणेल, पण त्रास आकड्याचा नव्हताच. मार्चपासून जवळपास पाऊसच नसतो, सगळं गवत वाळलेलं, शेतकरी रानं पेटवतात, डोंगरांवर वणवे लागतात आणि तो धूर तळ्याच्या खोऱ्यात साचून राहतो. दमेकऱ्याला एप्रिल-मे नको, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

तरी मेची अगदीच बदनामी नको. याच दिवसांत ग्वादालाहाराच्या बाजारात पितायाच्या टोपल्या येतात. ड्रॅगन फ्रूटचा लांबचा भाऊ समजा, पण आकाराने लहान आणि चवीला कितीतरी सरस. लाल, जांभळा, पिवळा, आत बारीक काळ्या बिया. आणखी एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये झाडांवर सिकाडा, म्हणजे रातकिड्यासारखे कर्कश ओरडणारे किडे, सुरू होतात. इथे स्थायिक झालेले अमेरिकन त्यांना 'रेनबर्ड' म्हणतात. पक्षी नव्हेतच, पण नाव पडलंय. ते ओरडायला लागले की साधारण सहा आठवड्यांनी पाऊस, असा ठोकताळा. मी ऐकल्यावर पहिलं काय आठवलं असेल? आपला पावशा! 'पेरते व्हा' म्हणत ओरडणारा. बाबांनाही हे सांगितलं होतं, पण ते तेव्हा खोकत होते.

जूनच्या तेरा तारखेला सान अंतोनियोचा दिवस असतो. अहीहीक आणि चापालाच्या मध्ये त्याच्याच नावाचं खेडं आहे, तिथे त्या दिवशी जत्रा असते आणि पावसाची वाटही साधारण त्याच सुमारास बघतात. आपल्याकडे मृग लागतो तसंच. पावसाळ्याला हालिस्कोत 'तेम्पोराल' म्हणतात.

आता या पावसाळ्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण बहुतेक प्रवास-याद्या त्याला सरळ लाल रंग मारून मोकळ्या होतात. वर्षाचा पाऊस साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर, पुणे शहरापेक्षा थोडा जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. पण तो पडतो कसा ते बघा. कोकणासारखी आठ-आठ दिवस झड नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी डोंगरांवर ढग रचायला लागतात, आणि संध्याकाळी किंवा रात्री विजांसकट धो धो. सकाळी पुन्हा सगळं धुतलेलं.

रात्रीच का? दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, त्यामुळे वारा तळ्याकडून काठाकडे वाहतो आणि डोंगरांवर चढून ढग होतात. रात्री उलटं होतं. जमीन लवकर गार पडते, पाणी कोमट राहतं, चारी बाजूंची गार हवा उतारावरून तळ्याकडे घसरते आणि मध्ये भेटून वर उचलली जाते. मोठ्या तळ्यांवर हा खेळ सगळीकडे चालतो. चापाला तर जवळपास ऐंशी किलोमीटर लांब आहे, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. कधी कधी ढगातून पाण्यावर सोंड उतरलेली दिसते, तिला इथले लोक 'कुलेब्रा', म्हणजे साप म्हणतात. लांबून बघायला भारी, होडीतून नको. म्हणून पावसाळ्यात होडी सकाळीच घ्यायची. मेस्काला बेटावर जायचं असेल तर नक्कीच. १८१२ ते १८१६ अशी चार वर्षं इथल्या मूळ रहिवाशांनी त्या बेटावरून स्पॅनिश फौजेला दाद दिली नव्हती, पडक्या भिंती अजून आहेत.

ऑगस्टमध्ये अहीहीकच्या मागचे डोंगर पाहिले तर सह्याद्रीच वाटतो. गावाच्या वरच तेपालो नावाचे धबधबे आहेत, ते फक्त पावसाळ्यात वाहतात. मेमध्ये आम्ही गेलो तेव्हा तिथे नुसता खडक होता, आणि मी बाबांना "इथून पाणी पडतं" असं सांगत होतो. बाबांनी खडकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टोपी नीट केली.

मग ऑगस्टच का नाही? गावातल्या गल्ल्या गोट्यांच्या आहेत, ओबडधोबड नदीतले दगड बसवलेले. फोटोत छान येतात. पाऊस पडून गेल्यावर त्यावरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालवणं म्हणजे माझ्या जिवाला घोर. डासही असतात, आणि हालिस्कोत पावसाळ्यात डेंग्यू होतो हे लक्षात ठेवून मलम लावायचं. विंचूही दिसतात, बूट झटकून घालायची सवय लावा. तुम्ही पंचविशीतले असाल, पाठीवर एक सॅक आणि पायात चांगले बूट असतील, तर मी म्हणेन बिनधास्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. खोल्या स्वस्त मिळतात, गर्दी नसते.

गर्दीचं गणित वेगळंच आहे. नोव्हेंबर ते मार्च कॅनडा-अमेरिकेतले निवृत्त लोक थंडी चुकवायला इथे येऊन राहतात, काही तर कायमचेच राहिलेत. जानेवारीत दुपार बावीस-चोवीस अंश, स्वच्छ आकाश, पाऊस नाहीच जवळपास. गाइडबुकं याला 'सर्वोत्तम' म्हणतात ते कॅनडाच्या बर्फातून आलेल्या माणसाच्या नजरेने. चूक काही नाही. पण रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरते आणि घरात हीटर बहुधा नसतो. विटांच्या भिंती, फरशी गार, बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी वाजते. शिवाय भाडी चढलेली. फेब्रुवारीत मात्र एक मजा. लेन्ट सुरू होण्याआधी कार्निव्हल असतो, तेव्हा अहीहीकमध्ये मुखवटे घातलेले 'सायाका', म्हणजे बायकांचे कपडे घातलेले पुरुष, गल्लीत पोरांच्या मागे धावतात आणि डोक्यावर पीठ उधळतात. ही सरळ सरळ धुळवड आहे. त्याच सुमाराला जॅकरांडा जांभळा फुलतो. लेन्ट संपताना ईस्टर येतो. तो आठवडा आणि त्यानंतरचा, हे दोन आठवडे टाळा. अख्खं ग्वादालाहारा तळ्यावर उतरतं, काठाने जाणारा मुख्य रस्ता एकच, आणि तुम्ही गाडीत बसून तळं बघता. एरवीसुद्धा रविवारी तेच. जमलं तर मंगळवार-बुधवार.

आता पाण्याची पातळी. हे कुठल्याच यादीत नसतं आणि मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. उजनीच्या काठी वाढल्यामुळे असेल. पाऊस जूनमध्ये सुरू होतो म्हणून तळं जूनमध्ये भरत नाही. लेर्मा नदी लांबून, चार-पाच राज्यांतून पाणी घेऊन येते, वाटेत धरणं आहेत, शेती आहे. त्यामुळे तळं हळूहळू चढतं आणि पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या सुमाराला, वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतं. मग उतरत उतरत पुढच्या जूनपर्यंत तळाला. आणि चापाला उथळ आहे, सरासरी खोली पाचेक मीटर. बशीतलं पाणी जरासं कमी झालं तरी कड किती आत जाते? तसंच. एक मीटर पाणी उतरलं की काठ चांगलाच मागे सरकतो. १९५५च्या सुमारास आणि पुन्हा २००२च्या सुमारास तळं इतकं आटलं होतं की गावापासून पाण्यापर्यंत चालत जायलाच वेळ लागायचा. ग्वादालाहाराला प्यायचं पाणीही मोठ्या प्रमाणात इथूनच जातं, म्हणजे माझ्या नळाला येतं तेही हेच. उजनी उतरली की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि आम्ही पोरं ते बघायला जायचो. लहानपणी ती मजा वाटायची. बाबांचा चेहरा मात्र तेव्हा पडलेला असायचा, ते आता कळतं.

जलपर्णी हा आणखी एक पाहुणा. पुणेकरांना ओळख करून द्यायला नको. इथे तिला 'लिरियो' म्हणतात. वारा जिकडे नेईल तिकडे ती जाते, आज चापालाच्या धक्क्यावर हिरवा गालिचा, परवा साफ. तिचा महिना सांगता येत नाही.

तर माझं उत्तर ठरलं ते असं. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. पाऊस सरत आलेला, डोंगर अजून हिरवे, धूळ बसलेली, धूर नाही, तळं भरलेलं. दिवसा पंचवीस-सव्वीस, रात्री स्वेटर. थंडीतल्या पाहुण्यांची गर्दी अजून पुरती आलेली नसते. आणि नोव्हेंबरपासून पांढरे पेलिकन यायला लागतात. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतून हजारोंनी येतात आणि तळ्याच्या आग्नेय काठावर, मिचोआकानमधल्या पेतातान नावाच्या खेड्यात उतरतात. तिथले कोळी मासे साफ करून उरलेलं त्यांना टाकतात, त्यामुळे अगदी हातभर अंतरावर. भिगवणचे रोहित बघितलेल्या माणसाला हे दाखवलंच पाहिजे. मोठे थवे बघायला डिसेंबर-जानेवारी जास्त बरा, ते मी सोडतोय.

आणखीही सोडतोय. नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवस सान आंद्रेसची जत्रा असते, अहीहीकचं ग्रामदैवतच म्हणा. बांबूचे उंच मनोरे करून त्यांना फटाके लावतात, बँड, नाच. पण भल्या पहाटेपासून आकाशात बाण सुटतात आणि धूरही असतो. बाबांसाठी नको. मित्रांबरोबर जायचं असेल तर तीच वेळ गाठा.

आणि एक नोव्हेंबर, दोन नोव्हेंबर. मृतांचा दिवस. 'कोको' २०१७ साली आला तेव्हा आपण सगळ्यांनी बघितला आणि रडलो. तो सण मोठ्या प्रमाणात बघायला लोक मिचोआकानातल्या पात्स्कुआरो तळ्यावर जातात. तेही इथून चारेक तासांवर आहे, पण २,००० मीटरच्या वर, रात्री हाडं गोठतात, आणि खोल्या कित्येक महिने आधी भरतात. अहीहीकमध्ये हे घरगुती पातळीवर असतं. एका भिंतीवर मातीच्या शेकडो कवट्या बसवल्यात, त्या रात्री तिथे दिवे लावतात. घराघरात, गल्लीत वेदी मांडतात. गेलेल्यांचा फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, पाणी, मेणबत्त्या आणि झेंडू. ढिगांनी झेंडू! तो मूळचा इथलाच, मेक्सिकोचा. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो समुद्र ओलांडून आला.

गेल्या वर्षी मी तेव्हा एकटाच अहीहीकमध्ये होतो. खोलीच्या मालकीणबाई वेदी मांडत होत्या, त्यांनी सहज विचारलं, तुझ्याकडून कुणाचा फोटो ठेवायचा? माझी आजी त्याच वर्षी जूनमध्ये गेली होती. मला जाता आलं नव्हतं. मोबाइलमधला एक फोटो मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला आणि त्यांनी तो त्यांच्या वडिलांच्या शेजारी ठेवला. वाटीत काय ठेवू म्हणाल्या. मी म्हटलं, चहा. ठेवला. रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. इथे आणि तिथे साडेअकरा तासांचं अंतर आहे, तिकडे सकाळ होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर्वपित्रीसारखंच आहे की रे." त्यामुळे या तारखेत माझा अभ्यास किती आणि आईचा हट्ट किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

तुमचं गणित वेगळं असेल. तब्येतीची काळजी नसेल आणि हिरवळ हवी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर. कोरडं, निळं आकाश आणि पक्षी हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी, फक्त खोली आधी धरा. मेमध्येच सुट्टी मिळत असेल तर पिताया खायला ग्वादालाहारात या, तळ्यावर सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. फिरायला कुठेही जायचं असेल तर वर्षाच्या सरासरीऐवजी प्रत्येक महिन्याचं कमाल, किमान आणि पाऊस असे तीन रकाने बघा, आणि तिथली शाळांची सुट्टी कधी असते ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते दोन वर्षांपूर्वी केलं नव्हतं.

तिकिटं परवा काढली. २४ ऑक्टोबरला ते ह्यूस्टनहून निघतायत. खोली त्याच मालकीणबाईंकडे, तळमजल्यावरची मागून घेतलीये म्हणजे जिना नको, आणि तिथून धक्क्यापर्यंत जाणारा रस्ता सपाट आहे. बाबांनी फोनवर विचारलं, "या वेळी धबधब्याला पाणी असतं का?" मी म्हटलं, थोडं असेल, पण चढ आहे. ते म्हणाले, "बघू." आईने सांगितलंय की मोबाइलमधला फोटो नको, ती आजीचा नऊवारीतला जुना फोटो फ्रेममधून काढून आणतेय.

पुढच्या भागात पेतातानला कसं जायचं आणि शाकाहारी माणसाने इथे काय खायचं, यावर बोलू. भेटूच.